कंदील, किल्ली आणि वाडा

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाने नवीन वैर करू नये, असं माझं मत आहे. जुन्यांचीच वसुली अजून बाकी असते. पण गेल्या मे महिन्यात आमच्या घरातल्या टीव्हीशी माझं वाकडं आलं, आणि त्याला कारण आमचे चिरंजीव.

चिरंजीव नववी पास होऊन दहावीच्या उंबरठ्यावर उभे होते. उभे म्हणजे सोफ्यावर आडवे होते. हातात ते बटणांचं खेळणं, आणि समोर टीव्हीवर निळ्या डगल्यातला एक पोरगा हिरव्यागार माळावरून एकटाच चालला होता. मी बँकेतून आलो तेव्हा तो चालत होता. मी चहा प्यालो, पेपर वाचला, दूधवाल्याचा हिशेब केला, तरी तो चालतच होता.

"हा कुठे निघालाय?" मी विचारलं.

"कुठेच नाही."

"मग चालतोय कशाला?"

"त्या डोंगराच्या मागे काय आहे ते बघायला."

"काय आहे?"

"दुसरा डोंगर असेल."

"आणि त्याच्या मागे?"

"बाबा, ते बघायलाच तर चाललोय ना!"

आता, याच मुलाला मी दिवाळीच्या सुट्टीत ‘पांडवलेण्याला चल’ म्हटलं होतं, तेव्हा ‘तिथे पायऱ्या फार आहेत’ असं उत्तर मिळालं होतं. माझा पारा चढला. मी ते बटणांचं खेळणं काढून घेतलं आणि गोदरेजच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्यांशेजारी ठेवून किल्ली खिशात टाकली. (डबे रिकामेच आहेत. दागिने सध्या तारण आहेत. पण कुलूप लावायची सवय आहे.)

चिरंजिवांनी अबोला धरला. मी समोर बसलेला असताना, "आई, बाबांना सांग, फॉर्मवर सही पाहिजे." मीही कमी नाही. "त्याला सांग, पेन आण म्हणावं." दोन दिवस आमची सौ. हे टपाल वाहत होती. तिसऱ्या दिवशी टपालखात्याने संप पुकारला.

"तुमच्या घराण्यात हे आहेच," ती म्हणाली. "तोंडाने बोलायचं नाही, निरोप धाडायचे. आणि ज्याची काडीची माहिती नाही त्यावर ‘नामंजूर’ असा शेरा मारायला हे काय कर्जाचं प्रकरण आहे?"

घराण्याचा उल्लेख कुणाला उद्देशून होता ते मला कळलं. ते पुढे येईलच. पण माहितीचा मुद्दा बिनतोड होता. बी.कॉम. झालेला माणूस शत्रूचाही आधी ताळेबंद बघतो. तेव्हा ‘पोराने भटकायचे खेळ’ या खात्याचा अगदी आरंभीच्या शिलकेपासून हिशेब काढायचा असं मी ठरवलं. रात्री जेवणं झाली, की मी कॉम्प्युटरपुढे बसू लागलो. आणि पहिल्याच नोंदीपाशी माझी फजिती झाली.

मला वाटलं होतं, हा खेळ कुणा गबर कंपनीने मुलांच्या खिशाला कात्री लावण्यासाठी काढला असेल. तर तो निघाला एका बापाचा उद्योग.

अमेरिकेत विल क्राउथर नावाचा एक प्रोग्रॅमर होता. बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत नोकरी. आज आपण ज्याला इंटरनेट म्हणतो त्याचा पूर्वज म्हणजे आर्पानेट, ते उभारणाऱ्यांपैकी हा एक. नोकरीत असा वाकबगार माणूस सुट्टीत काय करायचा? केंटकी राज्यात जाऊन गुहेत सरपटायचा. त्याची बायको पॅट्रिशिया तर त्याच्याहून पट्टीची. १९७२ साली ज्या तुकडीने फ्लिंट रिज आणि मॅमथ केव्ह या दोन अजस्र गुहा आतून एकच आहेत असं शोधून काढलं, त्या तुकडीत ही बाई होती. दोन्ही मिळून ती जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा ठरली. नवरा-बायकोने गुहेची मोजमापं घरी आणून कॉम्प्युटरमध्ये भरायची आणि नकाशे काढायचे, असा त्यांचा संसार. आमच्याकडे नवरा-बायको मिळून फार तर विजेचं बिल भरतात.

पुढे तो संसार मोडला. घटस्फोट झाला. बायको गेली, तिच्याबरोबर गुहाही गेली, आणि दोन मुली बापाकडे यायच्या त्या भेटीपुरत्या. मुलींशी बोलायचं काय? हा प्रश्न फक्त नाशकातल्या बापांनाच पडतो असं नाही. मग १९७५-७६च्या सुमारास क्राउथरने मुलींसाठी एक खेळ लिहिला. चित्र नाही, आवाज नाही, नुसतीच अक्षरं. तुम्ही एका रस्त्याच्या टोकाशी उभे आहात, जवळ एक विटांची छोटी इमारत आहे, तिच्यातून झरा वाहतोय, असं पडद्यावर उमटतं. पुढे काय करायचं ते तुम्ही दोन शब्दांत टाइप करून सांगायचं. त्या इमारतीत किल्ल्या आहेत, कंदील आहे, थोडं खायला आहे, पाण्याची बाटली आहे. आणि जरा पुढे जमिनीखाली गुहा.

ती गुहा कल्पनेतली नव्हती. मॅमथ केव्हचा बेडक्विल्ट नावाचा जो भाग तो आणि बायको मिळून मोजत असत, तोच त्याने खोलीमागून खोली, बोळामागून बोळ शब्दांत मांडला होता. २००७ साली डेनिस जर्झ नावाच्या एका प्राध्यापकाने मूळ प्रोग्रॅम मिळवून आणि प्रत्यक्ष गुहेत उतरून दोन्ही ताडून पाहिल्याचा अहवाल छापला. बरंचसं जिथल्या तिथे सापडलं. आमच्याकडच्या ऑडिटरलाही इतकी चोख तपासणी जमलेली मी पाहिली नाही.

तो खेळ आजही कॉम्प्युटरवर खेळता येतो. म्हटलं, बघू तर खरं. रात्री अकराला सुरुवात केली. पहिल्या दहा मिनिटांत कळलं, की ज्या माणसाची पंचवीस वर्षं ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ असं लिहिण्यात गेली, त्याला दोन शब्दांत बोलणं जमत नाही. मी लांबलचक इंग्रजी वाक्यं लिहायचो, वर ‘प्लीज’ जोडायचो, आणि कॉम्प्युटर मला समजलं नाही म्हणायचा. अखेर कसाबसा त्या गुहेच्या तोंडाशी पोहोचलो, तर तिथे लोखंडी जाळी, आणि जाळीला कुलूप. ढकलून पाहिलं, ओढून पाहिलं, शिव्या टाइप करून पाहिल्या. पाऊण तास गेला.

मागून आवाज आला, "किल्ली घेतली का?"

चिरंजीव पाणी प्यायला उठले होते. मी म्हणालो, "कुठली किल्ली?"

"त्या घरात असेल ना! रिकाम्या हाताने कसे निघालात? आणि दिवा?"

"दिवा कशाला? दिवस आहे."

"बाबा, गुहा आहे ती!" असं म्हणून त्याने खुर्ची ओढली. अबोल्याचा सहावा दिवस होता. सकाळी सौ. उठली तेव्हा आम्ही दोघे एका चक्रव्यूहात अडकलो होतो.

या चक्रव्यूहाबद्दल सांगायला हवं. क्राउथरचा प्रोग्रॅम आर्पानेटवरून पसरत १९७६ साली स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स या विद्यार्थ्याच्या हाती लागला. त्याला त्यात भर घालायची होती, पण परवानगी मागायला क्राउथरचा पत्ता ठाऊक नव्हता. तेव्हा त्याने नेटवर्कवरच्या यच्चयावत कॉम्प्युटरवर ‘क्राउथर’ या नावाने पत्र धाडलं! एका ठिकाणी लागलं. परवानगी मिळाली, आणि १९७७ साली त्याने आणखी खजिने, ड्रॅगन आणि गुणांची पद्धत घालून खेळ वाढवला. दुसऱ्याच्या फाइलला हात लावण्यापूर्वी इतकी शोधाशोध करून परवानगी मागणारा माणूस मी उभ्या नोकरीत पाहिलेला नाही.

त्या चक्रव्यूहातल्या सगळ्या खोल्या हुबेहूब सारख्या. वर्णनात एका अक्षराचा फरक नाही. उत्तरेला गेलो काय, दक्षिणेला गेलो काय, आपण आलो कुठे ते कळतच नाही. मी हताश झालो. चिरंजीव म्हणाले, "एकेका खोलीत एकेक वस्तू टाकायची. इथे बाटली, तिथे किल्ल्या. म्हणजे परत आलो की ओळखू येतं."

"ही युक्ती तुला कुणी शिकवली?"

"कुणी नाही. सुचली."

मी मनात म्हणालो, बाळा, ही युक्ती तुझ्या बापाला तिसरीत असताना माहीत होती.

कारण मी वाढलो तो जुन्या नाशकात. नाशिक नऊ टेकांवर वसलं, असं जुने लोक सांगत. त्यामुळे जुन्या गावात सरळ आणि सपाट असा रस्ता दाखवा आणि बक्षीस मिळवा. तिवंध्याकडून निघावं, एका बोळात शिरावं, चढ चढावा, वळावं, उतरावं, तर सराफ बाजारात उगवावं. दुसऱ्या दिवशी तोच बोळ धरावा, तर दहीपुलावर. प्रत्येक गल्लीला तोच ओटा, तीच कोरीव खांबांची पडवी, आणि ओट्यावर तेच आजोबा. दुसरीत असताना मी एकदा हरवलो, तेव्हा दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, मला खुणा शिकवल्या. ‘इथे तांब्याची ठकठक ऐकू आली की डावीकडे. जिलबीचा वास आला की समज गेलास चुकीच्या बाजूला.’ नाक आणि कान यांनी वाचायचा नकाशा होता तो. पुढे जिलबीच्या वासाने मी मुद्दाम चुकू लागलो, ते निराळं.

असो. दुसऱ्या रात्री आम्ही बापलेकांनी पुढची पानं उलटली.

१९८०च्या सुमारास अटारी कंपनीच्या वॉरन रॉबिनेटने हाच भटकंतीचा खेळ चित्रांत आणला. नाव ‘ॲडव्हेंचर’च. किल्ले, कुलपं, किल्ल्या आणि बदकासारखे दिसणारे तीन ड्रॅगन, हे सगळं ४ किलोबाइटमध्ये. आज आपण फोनवर ‘सुप्रभात’चा एक गुलाब पाठवतो, त्यात असले कैक खेळ मावतील. पण मला जिव्हाळा वाटला तो निराळ्याच कारणाने. अटारीत खेळ लिहिणाऱ्याचं नाव कुठेही छापत नसत. आमच्या बँकेत साध्या व्हाउचरवर तीन जणांच्या सह्या लागतात, आणि इथे हा गृहस्थ अख्खं राज्य उभं करतो अन् त्याला बारीक सहीसुद्धा करायची सोय नाही! मग पठ्ठ्याने काय केलं? एक राखी रंगाचा इवलासा ठिपका एका कोपऱ्यात लपवला. तो उचलून विशिष्ट भिंतीपाशी नेला की एक गुप्त खोली उघडते, आणि तिथे रंगीत अक्षरांत त्याचं नाव! साहेबांना पत्ता नाही. नोकरी सोडून गेला तरी पत्ता नाही. शेवटी एका शाळकरी मुलाने कंपनीला पत्र लिहून कळवलं, तेव्हा गौप्यस्फोट झाला. अशा लपवलेल्या गमतीला पुढे ‘ईस्टर एग’ म्हणू लागले. मी सुद्धा एका जुन्या लेजरच्या शेवटच्या पानावर, शिल्लक जुळल्याच्या आनंदात, पेन्सिलीने माझं नाव लिहिलं होतं. अजून कुणाचं पत्र आलेलं नाही.

त्यानंतर १९८६ साली जपानात ‘झेल्डा’ आला. तो निळ्या डगल्यातला पोरगा याच घराण्यातला. हा खेळ रचणारा शिगेरू मियामोतो हा क्योतोजवळच्या सोनोबे गावचा. लहानपणी डोंगरात हुंदडताना त्याला एक गुहा दिसली. पहिल्यांदा आत शिरायचा धीर झाला नाही. मग एक दिवस कंदील घेऊन तो आत गेला. त्या अंधाराची जी धडकी आणि जो आनंद, तोच आपल्याला खेळात आणायचा होता असं तो सांगत आला आहे. ‘झेल्डा’च्या पहिल्याच दृश्यात समोर एक काळं भोक असतं. तुम्हाला कुणी ‘आत जा’ म्हणत नाही. पण भोक दिसलं की पोर आत जातंच. आत एक म्हातारा तलवार घेऊन उभा असतो.

हे वाचताना मला आमच्या पंचवटीतली सीतागुंफा आठवली. बाहेर ते पाच वड, मागे काळारामाचं देऊळ, आणि आत तो अरुंद जिना. वाकून, बसून, प्रसंगी घसरत उतरायचं. पाहुणे आले की त्यांना तिथे नेण्याचं काम आम्हा मुलांकडे असे. आम्ही सुळकन जायचो. विदर्भातल्या एका भरदार आत्याबाई मात्र मधल्या वळणावर अशा काही बसल्या, की पुढचे पुढे आणि मागचे मागे राहिले. आतून रामनाम ऐकू येत होतं ते भक्तीचं की भीतीचं, हे अजून ठरलेलं नाही. पण गंमत अशी, की बाहेर आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "अजून एकदा जाऊ का रे?" अंधारातून सरपटत जाऊन उजेडात यायचं, एवढीच ती गोष्ट. मियामोतोने तिचे पैसे केले. आपण बाहेर येऊन उसाचा रस प्यालो.

२०१७ साली आलेल्या ‘झेल्डा’ची, म्हणजे आमच्या दिवाणखान्यातल्या त्या अखंड पदयात्रेची, रचना तर वाचण्याजोगी आहे. ‘त्या डोंगराच्या मागे काय आहे’ हे पोराला वाटत होतं ते उगीच नव्हे. वाटावं अशीच व्यवस्था केलेली होती. ती करणाऱ्यांनी सगळी जमीन त्रिकोणांत बेतली. त्रिकोणी टेकडी समोर आली की तिच्या मागचं अर्धं झाकलं जातं, अर्धं दिसतं. मग माणूस मनाशी म्हणतो, चढून जाऊ की वळसा घालू? काही झालं तरी पलीकडे गेल्यावर नवं काहीतरी दिसतं, आणि पाय पुढे पडतो. आणि अंतरं? दिग्दर्शक फुजिबायाशी क्योतोचा रहिवासी. इथून तिथे चालत जायला किती वेळ लागतो हे त्याला आपल्या गावापुरतं पक्कं ठाऊक. म्हणून त्याने खेळाच्या नकाशावर क्योतोचा नकाशा ठेवला आणि त्या मापाने सगळं राज्य आखलं. एवढा मोठा जगप्रसिद्ध खेळ, आणि माप कसलं, तर आपल्या गावात चालण्याचं! मला हे फार आवडलं. मीही कुठलंही अंतर ‘रविवार कारंज्यापासून पंचवटी’ इतकं किंवा त्याच्या दुप्पट असंच सांगतो.

त्याच साली ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ नावाचा एक अमेरिकन खेळ आला, त्याची गोष्ट चक्क सह्याद्रीत घडते. म्हणजे पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडल्या भागात, होयसळांच्या मंदिरांमध्ये, गणपतीचा तुटलेला दात शोधत. चिरंजिवांनी मित्राकडे तो पाहिलेला. म्हणाले, "बाबा, कड्यावर जिथे जिथे हात ठेवायचा तिथे खोबण असते. नीट बघितलं की कळतं." म्हटलं, अरे, हे कॅलिफोर्नियाचं डोकं नव्हे. त्र्यंबकजवळचा आपला हरिहर बघ. जवळजवळ उभ्या कड्यात पायऱ्या कोरल्या आहेत, आणि दर पायरीला बोटं अडकवायला दोन्ही बाजूंना खोबण्या. कुणीतरी छिन्नी घेऊन, चढणाऱ्याचा हात कुठे जाईल याचा विचार करून त्या केल्या. आणि १८१८ साली इंग्रजांनी आपल्या भागातल्या कितीतरी किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, ते कशासाठी? पुन्हा कुणी हा खेळ खेळू नये म्हणून. हरिहरची वाट मात्र वाचली.

"मग आपण कधी जायचं?" चिरंजीव म्हणाले.

"तिथे पायऱ्या फार आहेत," मी म्हणालो.

आता सांगतो ‘राजी’बद्दल, आणि इथूनच माझ्या हिशेबात गडबड झाली. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ पुण्याचा. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्याशा मंडळीने केलेला. २०१७ साली त्यांनी लोकांकडून वर्गणी मागितली, ती पुरेशी जमली नाही. (पुण्यात वर्गणी मागणाऱ्याच्या धाडसाला दाद द्यावी, असं म्हणणार होतो, पण त्यांनी ती साऱ्या जगाकडे मागितली होती, तेव्हा एकट्या पुण्याला बोल लावता येत नाही.) तरी नेटाने काम करून २०२० साली त्यांनी खेळ बाजारात आणला, आणि त्या वर्षीच्या ‘गेम ॲवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळालं. पुढे हिंदी बोलणारी आवृत्तीही निघाली. आम्ही तो खेळलो. म्हणजे चिरंजीव खेळले, मी ‘मागून आला, मागून आला!’ असं ओरडलो.

त्यातलं जग बघण्यासारखं आहे. राजस्थानी धाटणीचे महाल, झरोके, पाण्याची तळी. मधल्या गोष्टी कळसूत्री सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेल्या. मारामारी नसेल तेव्हा राजी भिंतीपाशी थांबते; भिंतीवर देवादिकांची चित्रं रंगवलेली, आणि दुर्गा आणि विष्णू वरून तिची गोष्ट सांगत असतात. म्हणजे थेट आपल्या देवळातल्यासारखं: प्रदक्षिणा घालता घालता भिंतीवरचं पुराण वाचायचं. आपली देवळं, आपली लेणी, सगळी चालत चालत वाचायची पुस्तकंच आहेत. जुना मोक्षपटसुद्धा, ज्याची पुढे विलायतेत नुसती सापशिडी झाली, तो चौकटी-चौकटींनी पुण्य-पापाच्या मुलखात फिरवायचाच खेळ होता.

पण गोष्ट काय, तर राखीपौर्णिमेच्या दिवशी राक्षस येतात आणि राजीच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. सर्कशीत काम करणारी ती पोरगी भावाला शोधण्यासाठी राक्षसांचं अख्खं राज्य पालथं घालते. वाळवंट, किल्ले... काय वाट्टेल ते.

रात्री साडेबारा वाजता मी तिच्याकडे बघत बसलो होतो आणि एकदम मनात आलं, की माझा भाऊ गंगापूर रोडला राहतो. रिक्षाने वीस मिनिटं. वाटेत एकही राक्षस नाही, फार तर दोन सिग्नल.

दादाचं आणि माझं बोलणं बंद होऊन अकरा वर्षं झाली. कारण सांगायलाही लाज वाटावी इतकं चारचौघांसारखं आहे. तिवंध्याजवळचा आमचा वाडा बिल्डरला दिला, तेव्हा कुणाला किती चौरस फूट यावर घासाघीस झाली. मी बँकेतला, मी कागद पुढे केले, व्याजासकट आकडे मांडले. दादा म्हणाला, "तू भावाशी बोलतोयस की खातेदाराशी?" मी म्हणालो, "खातेदार बरे, निदान सही करतात." बस्स. हिशेब बरोबर होता, हे मी आजही सांगेन. तेव्हापासून आम्ही निरोपांवर आहोत. ‘वहिनी, दादाला सांगा, पंचांग पोचलं.’ लग्नाकार्यात एकाच ताटातल्या अक्षता उचलतो आणि दोन दिशांना टाकतो.

दुसऱ्या दिवशी चिरंजीव म्हणाले, "बाबा, त्या क्राउथरने त्यांची गुहा केली. आपण तुमचा वाडा करू या का?" एक ठोकळ्यांचा खेळ असतो, ‘माइनक्राफ्ट’ नावाचा, मूळचा स्वीडनचा. त्यात एक मीटरचे चौकोनी ठोकळे रचून वाटेल ते बांधता येतं. वाडा पडला तेव्हा चिरंजीव जेमतेम चार वर्षांचे. त्यांना काही आठवत नाही.

मी बँकेच्या एका रद्द चलनाच्या पाठीवर नकाशा काढायला बसलो. दिंडी दरवाजा. ओटी. चौक, चौकात हौद. पडवी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर. वर माडी. हात झरझर चालला होता. चिरंजीव ठोकळे रचत होते. दीड हाताचा बोळ मीटरभर रुंद झाला, त्यामुळे आमचा वाडा मूळच्यापेक्षा बराच ऐसपैस झाला. बिल्डरने हा आकडा धरला असता तर भांडणच झालं नसतं!

माजघराच्या मागे मी एक दार काढलं. चिरंजीव म्हणाले, "याच्या पलीकडे काय?"

मी पेन उचललं आणि थांबलो. मला आठवेना. बुटकं दार, वर कडी, चौकटीला हळदीकुंकवाची बोटं, सगळं डोळ्यांपुढे लख्ख. पण पलीकडे काय? पंचवीस वर्षांपूर्वीच्या खातेदारांचे नंबर मला आठवत नाहीत ते ठीक आहे. पण स्वतःच्या घराचं दार! आई असती तर तिने सांगितलं असतं. आता जगात हे ठाऊक असलेला माणूस एकच उरला होता.

"काळं ठेवू का?" चिरंजिवांनी विचारलं. "नुसताच अंधार?"

सौ. भाजी निवडत होती. ती काही बोलली नाही. तिने फक्त फोन उचलून माझ्यापुढे ठेवला. टपालखात्याचा संप अजून मिटलेला नव्हता.

घंटी वाजत होती तेव्हा माझ्या डोक्यात सगळी प्रास्ताविकं तयार होती. पण पलीकडून ‘हॅलो’ आलं आणि माझ्या तोंडून त्या जुन्या खेळासारखे दोनच शब्द आले. "दादा, मी."

बराच वेळ आवाज नाही. मग, "काय झालं? सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत. एक विचारायचं होतं. माजघराच्या मागे ते बुटकं दार होतं. त्याच्या पलीकडे काय होतं रे?"

एका क्षणाचीही उसंत न घेता दादा म्हणाला, "बळद! धान्याचं बळद. तीन पायऱ्या खाली. विसरलास? लपाछपीत आत जाऊन बसलास आणि बाहेरून कुणीतरी कडी घातली. दोन तास बोंबलत होतास. मी कंदील घेऊन शोधत आलो होतो."

मी काही बोललो नाही. चिरंजीव मात्र कान देऊन ऐकत होते. ते ओरडले, "काका, कंदील कुठे ठेवायचे?"

"कोण रे तो? कोनाड्यात! उजव्या हाताच्या कोनाड्यात. आणि माडीच्या जिन्याची नववी पायरी मोडकी होती, ती पण दाखव म्हणावं. ती नसेल तर तो आमचा वाडाच नव्हे."

पाऊण तास बोलणं झालं. चौरस फुटांचा विषय निघाला नाही.

त्या रविवारी दादा घरी आला. हातात त्याने स्वतः काढलेला वाड्याचा नकाशा होता, आलेखाच्या कागदावर, स्केलने आखलेला. आल्या आल्या त्याने आमचा वाडा टीव्हीवर पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अरे, जिना डावीकडे कसा? जिना उजवीकडे होता!"

मी म्हणालो, "डावीकडेच होता. मी त्यावरून पडलोय."

"मी तुला उचललंय!"

चिरंजिवांनी दोन वाडे बांधले आहेत. एकात जिना डावीकडे, एकात उजवीकडे. आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. रोज रात्री साडेनऊला दादाचा फोन येतो.